लंडनचा मिलेनियम पूल अजून हलतो का? सासूबाईंना घेऊन जायचंय

इंद्रायणीकाठ:

नमस्कार मंडळी.

येत्या मे महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई लंडनला दिरांकडे जाणार आहोत. सेंट पॉल चर्च बघायचं आणि तिथून पायी नदी ओलांडून पलीकडच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात जायचं, असा दिरांनी एक दिवस आखलाय. मधला पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, मिलेनियम ब्रिज. अडचण त्याचीच आहे.

आम्ही तळेगावचे. सासूबाईंचं माहेर इंदोरीच्या बाजूचं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसं गेली, ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. वर्षानुवर्षं त्या ज्या पुलावरून ये-जा करत आल्या, तो टीव्हीवर नदीत पडलेला पाहिला. तेव्हापासून पायी चालायच्या पुलावर त्या पाऊल ठेवत नाहीत. चिंचवडला स्टेशनच्या पुलावरून पलीकडे जायचं तरी रिक्षा करून वळसा घालतात. आम्ही आग्रह करत नाही.

त्यात दिरांनी या पुलाचा २००० सालातला एक व्हिडिओ पाठवला. उद्घाटनाच्या दिवशी माणसं कठडा धरून डुलत डुलत चालतायत आणि पूल डावीकडे उजवीकडे सरकतोय. दिरांनी सहज म्हणून पाठवला होता. सासूबाईंनी तो नीट बघितला, फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी चर्चमध्येच बसते. तुम्ही या जाऊन."

त्यांना एकटं बसवून आम्हाला जायचं नाहीये, आणि खोटं सांगून पुलावर न्यायचंही नाहीये. तर जाणकारांनी सांगावं: तेव्हा नेमकं काय झालं होतं? आता पूल हलतो का? त्यांचं वय सत्तरीपुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी लागते. पायऱ्या किती आहेत? आणि नकोच म्हणाल्या तर दुसरा रस्ता आहे का?

थेम्सकाठी:

ताई, माझं ऑफिस पुलाच्या उत्तर टोकापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. जेवणाच्या सुट्टीत पुष्कळदा पलीकडे जाऊन येतो. मला तांत्रिक काही कळत नाही, उपयोगाचं तेवढं सांगतो.

पूल रात्रंदिवस उघडा असतो, पैसे पडत नाहीत. गाड्या नाहीत, सायकलसुद्धा हातात धरून न्यायची. चारेक मीटर रुंद आहे, त्यामुळे काठीवाल्या माणसाला कडेने सावकाश चालता येतं. आडवं हलणं मला आजवर जाणवलेलं नाही. खूप गर्दी असताना मध्यभागी उभं राहिलात तर पायाखाली बारीक थरथर कळते, तीही लक्ष दिलं तर.

पायऱ्यांचं म्हणाल तर सेंट पॉल्स नावाच्या ट्यूब स्टेशनला उतरू नका, तिथे लिफ्ट नाही. ब्लॅकफ्रायर्सला उतरा, तिथे आहे. चर्चकडून नदीकडे उतरताना पीटर्स हिलवर पायऱ्या लागतात. पुलाच्या उत्तर टोकाला एक तिरकी लिफ्ट आहे, उतारावरून सरकत जाणारी, ती चालू आहे का तेवढं त्या दिवशी बघून घ्या. दक्षिणेच्या टोकाला उतरंड आहे, पायऱ्या नाहीत. पूल तिथे दुभंगतो आणि मागे वळून काठावर उतरतो. पुढे टेट समोरच. आत बसायला भरपूर जागा, स्वच्छतागृह फुकट, आणि कायमचा संग्रह बघायला तिकीटही नाही.

दुसरा रस्ता हवा असेल तर ब्लॅकफ्रायर्स स्टेशनच नदीवर पसरलेलं आहे, दोन्ही काठांना बाहेर पडता येतं. शेजारी ब्लॅकफ्रायर्सचा रस्त्याचा पूल आहे, दगडी खांबांचा, रुंद फुटपाथचा. तो बघून आजींना धीर येईल.

मे महिन्यात नदीवर वारा असतो, कानटोपी असू द्या. आणि काठीच्या टोकाचं रबर नवीन बसवून आणा. पुलाची जमीन अ‍ॅल्युमिनियमची आहे, पाऊस पडला की ओली राहते.

आयर्विनकर:

इंद्रायणीकाठ ताई, तुमच्या सासूबाईंनी प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय. त्यांची समजूत काढू नका, त्यांना पूर्ण उत्तर द्या. मी देण्याचा प्रयत्न करते. लांबेल, पण वाचून दाखवा त्यांना.

मी मूळची सांगलीची. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पहिली चौकशी "आयर्विनला पाणी किती" हीच. १९२९ चा पूल, पण महापूर मोजायचा तो अजून त्याच्याच खांबावर. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आई-बाबा वरच्या मजल्यावरून फोनवर मला आकडे सांगत होते. पुलाकडे बघत राहायची सवय तिथली. पुढे शिक्षणही तेच झालं आणि आता काम पादचारी पुलांची आकडेमोड आणि तपासणी हेच. मधली काही वर्षं लंडनला होते, तेव्हा हा पूल वरून आणि खालून मनसोक्त बघितलाय.

सगळ्यात आधी मुद्द्याचं. १० जून २००० ला हा पूल हलला, पण तो पडायच्या बेतात नव्हता. तारा, खांब, पाया, कशाच्याच ताकदीला धक्का पोचला नव्हता. भीती वेगळी होती. माणसांचा तोल जातोय, कठड्याला गर्दी होतेय, अशात एखादं म्हातारं माणूस पडलं आणि धावपळ झाली तर काय, ही. पूल पडणं आणि पूल हलणं यांची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि उपायही वेगळे.

आता हलला का, ते. या पुलाच्या आराखड्यात एक अट होती. सेंट पॉलच्या घुमटाकडे बघताना मध्ये काही आडवं येता कामा नये. फॉस्टर अँड पार्टनर्स हे वास्तुरचनाकार, अरूप कंपनीचे इंजिनिअर आणि अँथनी कारो हे शिल्पकार, या तिघांनी मिळून १९९६ ची स्पर्धा जिंकली ती एका कल्पनेवर: नदीवर पातळशी एक पट्टी. झुलता पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरे आणि खोल लोंबलेल्या तारा येतात. इथे मनोरे नाहीत. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १४४ मीटरचा आणि त्यात तारांचा झोळ फक्त २.३ मीटर. एरवी एवढ्या गाळ्याला चौदा-पंधरा मीटर झोळ ठेवतील. झोळ इतका कमी ठेवायचा तर तारा जबरदस्त ताणाव्या लागतात. दोन्ही बाजूंना चार-चार मिळून आठ तारा, प्रत्येक १२० मिलिमीटर जाडीची, आणि त्यांची ओढ पेलायला दोन्ही काठांना भक्कम पाये. तुम्ही पुलावर गेलात की त्या तारा कडेने हाताच्या अंतरावर दिसतात. सासूबाईंना एकीवर हात ठेवायला सांगा. मनगटापेक्षा जाड आहेत.

उद्घाटनाच्या दिवशी ऐंशी हजार ते एक लाख माणसं येऊन गेली. एका वेळी पुलावर जास्तीत जास्त दोन हजार. आणि पूल आडवा हलायला लागला. मधला गाळा ७० मिलिमीटरपर्यंत सरकत होता. दुसऱ्या दिवशी माणसं मोजून सोडायचा प्रयत्न झाला, आणि १२ तारखेला पूल बंद केला. कोणी दगावलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं, तरी बंद केला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यावर पुन्हा बोलेन.

कारण असं. माणूस चालताना नुसतं खाली दाबत नाही. डावा पाय टेकला की जरा डावीकडे ढकलतो, उजवा टेकला की उजवीकडे. सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणजे आडव्या ढकलण्याचा एक फेरा सेकंदाला एक. हा धक्का उभ्या धक्क्याच्या मानाने अगदीच लहान. शिवाय शंभर माणसं शंभर तालांत चालणार, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्यात जिरून जाणार, असं धरलेलं. त्या काळच्या ब्रिटिश नियमपुस्तकात गर्दीने पूल आडवा हलण्याची तपासणी मागितलेलीच नव्हती.

प्रत्येक पुलाला हलण्याचा स्वतःचा एक वेग असतो. या पुलाचा आडवा वेग दक्षिणेच्या गाळ्यात सेकंदाला ०.८ फेरा, उत्तरेच्या गाळ्यात १, मधल्या गाळ्यात अर्धा आणि दुसऱ्या प्रकारे हलला तर जवळजवळ १. चालण्याच्या तालाच्या अगदी शेजारी बसलेले आकडे.

पूल वाऱ्याने म्हणा, पावलांनी म्हणा, दोन-चार मिलिमीटर सरकतो. आता मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहताना आपण काय करतो ते आठवा. पाय जरा फाकवतो आणि डबा झुकेल तसं वजन टाकतो. विचार करून करत नाही, शरीरच करतं. पुलावर माणसं तेच करू लागली. सरकणाऱ्या जमिनीशी जुळवून पाऊल टाकलं की ते पाऊल नेमकं पूल जातोय त्याच दिशेला ढकलतं. त्याने पूल आणखी सरकतो. मग आणखी माणसं जुळवून घेतात. सगळे एका तालात चालून पूल हलला असं सांगतात ते अर्धंच खरं आहे. आधी पूल हलला, मग ताल जुळले, आणि जुळल्यावर तो फार हलला.

अरूपच्या लोकांनी नंतर पूल बंद असताना स्वतः माणसं चालवून चाचण्या घेतल्या. उत्तरेच्या गाळ्यावर माणसं वाढवत नेली. १५६ होईपर्यंत विशेष काही नाही. आणखी दहा चढवली, १६६ झाली, आणि हेलकावे भराभर वाढायला लागले. म्हणजे हळूहळू बिघडत जाणारी गोष्ट नव्हे, एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे पूल शांत, पलीकडे बेफाम. दहा माणसांनी फरक पडतो. ही चाचणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर डोक्यातून गेली नव्हती.

उपाय दोन होते. एक, पूल इतका ताठ करायचा की त्याचा वेग चालण्याच्या तालापासून लांब जाईल. मधल्या गाळ्याचा वेग अर्ध्यावरून दीडवर न्यायचा, म्हणजे तिप्पट करायचा, तर ताठपणा नऊपट लागतो. तेवढं लोखंड चढवल्यावर ती पातळ पट्टी राहिलीच नसती. दुसरा उपाय, हलण्याची शक्ती शोषून घ्यायची. तो निवडला. पुलाखाली ३७ द्रवाचे डॅम्पर बसवले. दट्ट्या आणि नळकांडं, आत घट्ट द्रव, पूल सरकला की दट्ट्याला त्या द्रवातून जावं लागतं आणि हालचालीची ताकद तिथेच उष्णता होऊन संपते. शिवाय उभ्या थरथरीसाठी स्प्रिंगांवर ठेवलेली वजनं, ५२. खर्च सुमारे ५० लाख पौंड. मूळ पुलाला १ कोटी ८२ लाख लागले होते. ३० जानेवारी २००२ ला दोन हजार माणसं पुलावर चालवून बघितली आणि २२ फेब्रुवारीला पूल पुन्हा उघडला. तेव्हापासून आडवा हललेला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. या मंडळींनी काय चुकलं, काय मोजलं, कसं दुरुस्त केलं ते सगळं २००१ मध्ये आकड्यांसकट छापून टाकलं. शोध घेताना त्यांना कळलं की असं आधीही झालं होतं. जपानमधल्या एका पादचारी पुलावरचा अभ्यास १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचा मोठा हार्बर ब्रिज १९७५ मध्ये मोर्चा जाताना हलला होता. पॅरिसचा सॉल्फेरिनो पादचारी पूल तर १९९९ च्या डिसेंबरमध्ये उघडला आणि याच कारणाने बंद करावा लागला. म्हणजे ज्ञान होतं, पण विखुरलेलं. लंडनच्या पुलाने ते एका जागी आणलं. आज मी इथे एखाद्या साध्या पादचारी पुलाचं काम हातात घेते तेव्हा आडव्या हलण्याचं गणित पहिल्या दिवशी करते, ते या लोकांनी लपवलं नाही म्हणून.

गोरेगावकर:

सुंदर प्रतिसाद, आयर्विनकर ताई. दोन शंका.

एक, आमच्या स्टेशनचा पादचारी पूल गाडी आली की थरथरतो. संध्याकाळी जिन्यावर मुंगीला जागा नसते तेव्हा जास्तच. हे तेच का? २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली, तेव्हापासून ती थरथर जाणवली की छातीत धस्स होतं.

दोन, शाळेत शिकलो होतो की सैनिक पुलावरून जाताना कवायतीची पावलं मोडतात. तेही हेच ना?

आयर्विनकर:

दादा, दुसरं आधी घेते कारण ते सोपं. सैनिकांचं प्रकरण जुनं आहे. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या पावलांखाली मोडला, तेव्हापासून ती शिस्त आली. लंडनमध्येच अल्बर्ट ब्रिजवर अजून पाटी आहे, सैन्याने पावलं मोडून चालावं अशी. पण तिथे ताल बाहेरून येतो, हुकमाने, आणि धक्का मुख्यतः उभा. मिलेनियम पुलावर हुकूम नव्हता, ओळखीपाळखीही नव्हती. ताल पुलानेच शिकवला.

तुमच्या स्टेशनचा पूल बहुधा आखूड गाळ्यांचा आणि पोलादी तुळयांचा असणार. त्याचा आडवा वेग चालण्याच्या तालापेक्षा पुष्कळ वर असतो, त्यामुळे लंडनसारखे हेलकावे तिथे येत नाहीत. गाडी आली की जमीन आणि खांब थरथरतात आणि ते तुमच्या तळव्यांना लागतं. त्या थरथरीची मला काळजी वाटत नाही. मी अशा पुलावर चढते तेव्हा इकडे बघते: खांबाच्या पायाशी गंजाने पोट फुगलंय का, बोल्टची भोकं रिकामी आहेत का, पायऱ्यांचा पत्रा पावलागणिक वाजतोय का, आणि पावसानंतर पाणी कुठे साचून राहतंय. पाणी साचतं त्याच्या बरोबर खाली जाऊन बघा, बहुतेक वेळा गंज तिथेच सापडतो. फोटो काढा, तारीख टाका, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एल्फिन्स्टनचा पूल पडला नव्हता, जिना अपुरा पडला. तो धोका वेगळा आणि तो आजही रोज संध्याकाळी दिसतो.

गर्दीवरून आठवलं म्हणून आणखी एक सांगते, माझ्या मनात पुष्कळ दिवस आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात पादचाऱ्यांचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरतात. तीर्थक्षेत्र, जत्रा अशी गर्दी होणारी जागा असेल तर ५००. पाचशे किलो म्हणजे मीटरभर चौकोनात सहा-सात माणसं, खांद्याला खांदा. हा नियम चांगला आहे, आपल्या यात्रा ओळखून केलेला आहे. पण हा उभ्या असलेल्या माणसांचा भार झाला. आळंदीला, देहूला, पंढरपूरला दिंडी टाळ-मृदंगावर पावली खेळत येते तेव्हा शेकडो माणसं खरोखरच एका ठेक्यात पाऊल उचलतात आणि टाकतात. मी लहान असताना आजोबांबरोबर वारीत ते पाहिलंय. मृदंगाची लय चढत जाते तशी पावली चढते, आणि शेवटी सगळी ओळ एकदम हवेत आणि एकदम जमिनीवर. जुन्या दगडी कमानीच्या पुलाला त्याचं काही वाटत नाही, त्याचं वजनच तेवढं असतं. आता आपल्याकडे नदीवर हलके, पोलादी, देखणे पादचारी पूल बांधायची हौस आली आहे. मला ते पूल आवडतात. पण वारीच्या वाटेवर असा पूल होणार असेल तर पावलीचा ठेका मोजून, त्याचा वेग धरून आकडेमोड झालीच पाहिजे. इंग्रजी किंवा युरोपच्या नियमपुस्तकात पावली सापडणार नाही. ती आपणच मोजायची आहे, आणि हे काम एखाद्या कॉलेजने विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिलं तरी होईल. दिंड्या नाही म्हणणार नाहीत.

इंद्रायणीकाठ:

आयर्विनकर ताई, तुमचा पहिला प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. दहा माणसांचं ऐकल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तारेवर हात ठेवायला त्यांना आवडेल म्हणाल्या. पण त्यांचा एक प्रश्न आहे आणि मला उत्तर देता आलं नाही. "ते नवीन असताना होतं. आता पंचवीस वर्षं होऊन गेली. कुंडमळ्याचा पूलही कधीतरी नवीन होताच. आता कोण बघतं त्याच्याकडे?"

आणि थेम्सकाठी दादा, रबराचं लक्षात ठेवलंय, मनापासून आभार.

आयर्विनकर:

त्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या धंद्यातल्या किती जणांना हा प्रश्न सुचत नाही.

कोण बघतं, तर सिटी ब्रिज फाउंडेशन नावाची संस्था. तिचा उगम १२८२ पर्यंत मागे जातो. जुन्या लंडन ब्रिजच्या देखभालीसाठी लोकांनी जमिनी, घरं, पैसे दिले, त्यात पुलावरची जकात आणि दुकानांची भाडी जमा झाली, आणि शेकडो वर्षं सांभाळून वाढवलेल्या त्या निधीतून आज नदीवरच्या पाच पुलांची देखभाल चालते: टॉवर ब्रिज, लंडन ब्रिज, सदर्क, ब्लॅकफ्रायर्स आणि हा मिलेनियम. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पुलाच्या नावाचे पैसे पुलावरच खर्च होतात आणि त्यातून उरतं ते लंडनच्या गरजू संस्थांना जातं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हा पूल काही आठवडे बंद ठेवला होता, साफसफाई आणि दुरुस्तीसाठी. कामगारांचे फलाट खाली लोंबत होते, म्हणजे बोटींना जाण्याची उंची कमी झाली होती. अशा वेळी गाळ्याच्या मधोमध गवताचा ठळक दिसेल असा मोठा भारा टांगायचा आणि रात्री पांढरा दिवा लावायचा, असा थेम्सचा जुना नियम आहे. त्यांनी खरंच पेंढ्याचा भारा टांगला. डॅम्परवाल्या, जगभर गाजलेल्या पुलाखाली पेंढा. माझ्या एका तिकडच्या सहकारी मैत्रिणीने फोटो पाठवला होता, तो मी इथल्या साइटवरच्या पोरांना दाखवते. नियम जुना असो की नवा, पुलावर काम चाललंय हे खालून जाणाऱ्या नावाड्याला कळलं पाहिजे, म्हणून तो पाळायचा.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. ३० ऑक्टोबर २०२२ ला मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत पडला, १३५ माणसं गेली. दुरुस्त करून चारच दिवसांपूर्वी उघडला होता. चौकशीत सापडलं की एका मुख्य तारदोरातल्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या. कठड्याला नवा रंग होता, तारदोराच्या आत गंज होता. कुंडमळ्याला धोक्याचा फलक लागलेला होता आणि रविवारची गर्दी पुलावर होती. लंडनला काही तुटलेलं नसताना तिसऱ्या दिवशी पूल बंद झाला आणि दीड वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. देशाची राणी येऊन गेलेला, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला पूल. नामुष्की पत्करून बंद केला. मला आपल्याकडे हे हवंय. धोकादायक ठरवलेल्या पुलावर फलक पुरेसा नाही, दोन्ही टोकांना पत्रा ठोकून वाट बंद झाली पाहिजे आणि पर्यायी वाट त्याच आठवड्यात सुरू झाली पाहिजे. शेतावर जाणाऱ्या माणसाला पाच किलोमीटरचा वळसा दाखवून फलक लावला तर तो फलकाखालून जाणारच, त्याला दुसरा उपाय नसतो.

सासूबाईंच्या दिवसाचं मी असं करेन. सकाळी चर्च. मग तिरक्या लिफ्टने खाली नदीकाठी उतरा आणि पुलावर न चढता आधी खालून वर बघा. पूल ज्यांनी तारांवर तोललाय त्या आडव्या लोखंडी हातांच्या मधून इंग्रजी व्ही आकाराच्या लोखंडी चौकटी दिसतील आणि त्यांच्या टोकाशी नळकांडी, तेच डॅम्पर. कुठला भाग कशासाठी ते त्यांना दाखवा. मग वर येऊन कठड्याच्या कडेने चाला. नजर खाली गेली तर अ‍ॅल्युमिनियमच्या खाचांत चिकटलेल्या च्युइंगमवर रंगवलेली बोटाएवढी चित्रं सापडतील, बेन विल्सन नावाचा कलाकार वर्षानुवर्षं पुलावर आडवा पडून ती काढत आलाय. ती शोधत गेलं की पलीकडचा काठ कधी येतो कळत नाही. दुपारी दोननंतर गर्दी वाढते, त्याआधी जा. आणि खालून सगळं बघूनही त्या नको म्हणाल्या, तर ब्लॅकफ्रायर्सच्या फुटपाथवरून टेट फार लांब नाही.